थामक्रबोकचे वमन आणि त्याआधीची शपथ

व्यसनमुक्तीसाठी वमनकर्माचा उपयोग करावा काय, हा प्रश्न वैद्यवर्गात अधूनमधून उपस्थित होतो. तो उपस्थित करणारे बहुधा थायलंडमधील थामक्रबोक या बौद्ध विहाराचा दाखला देतात. तेथील भिक्षू अफू व हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांना वनस्पतींचा काढा पाजून पाच दिवस वमन घडवितात आणि रुग्ण मोकळे होऊन घरी जातात, एवढी माहिती बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलेली आहे. त्यापुढचा प्रश्न ठरलेला असतो. त्या काढ्यात द्रव्ये कोणती? आपण वैद्य असल्याने ही जिज्ञासा स्वाभाविक आहे. तथापि त्या विहारातील जी गोष्ट आपण खरोखर विचारात घ्यावी ती काढ्याच्या आधी घडते, आणि आपल्याकडे दारू सोडविण्याच्या नावाने जे चूर्ण दुकानातून विकले जाते त्याच्या ती अगदी उलट आहे. म्हणून या विहाराची माहिती थोडी विस्ताराने देणे योग्य वाटते.

बँकॉकच्या उत्तरेस सराबुरी प्रांत आहे. त्या प्रांतात फ्रा फुत्थाबात, म्हणजे आपल्या शब्दांत बुद्धपाद, नावाचे क्षेत्र आहे. बुद्धाच्या पाऊलखुणेसाठी ते प्रसिद्ध आहे. त्याच परिसरात चुनखडीच्या डोंगरांच्या पायथ्याशी थामक्रबोक विहार वसलेला आहे. 'थाम' म्हणजे गुहा व 'क्रबोक' म्हणजे पोकळ नळी. १९५७ मध्ये मियन पानचंद नावाच्या एका साध्वीने तेथे वास्तव्य सुरू केले. अनुयायी त्यांना 'लुआंग पो याई' असे आदराने म्हणत. चमरून व चरून हे त्यांचे दोन भाचे भिक्षू म्हणून त्यांच्याबरोबर होते. पैकी चमरून हे पूर्वाश्रमीचे पोलीस. व्यसनी माणसांशी त्यांचा संबंध आधी वर्दीतून आला आणि नंतर चीवरातून, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुन्हेगाराला पकडणे व रुग्णाला सांभाळणे यांतील अंतर त्यांना निश्चितच ठाऊक असणार.

१९५९ मध्ये थायलंडमध्ये अफू ओढण्यावर बंदी आली. तोपर्यंत परवान्याने चालणारे अफूचे अड्डे बंद झाले आणि हजारो माणसे एकाएकी निराधार झाली. व्यसन कायम आणि पुरवठा बंद, अशा अवस्थेत सापडलेल्या माणसांसाठी या विहाराने आपले दार उघडले. कोणतीही शासकीय योजना नव्हती, रुग्णालय नव्हते. भिक्षूंनी निवारा दिला, काढा दिला, वाफारा दिला आणि त्या सर्वांच्या आधी एक अट घातली. अफूनंतर हेरॉइनचे रुग्ण आले, १९९० च्या दशकात उत्तेजक गोळ्यांच्या आहारी गेलेले तरुण आले, मद्यपी आले, युरोप-अमेरिकेतून परदेशी रुग्णही येऊ लागले. आजवर एक लाखाहून अधिक लोकांनी येथे उपचार घेतल्याचे सांगितले जाते. चमरून यांना १९७५ मध्ये लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. (याच विभागातील पुरस्कार दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, आपल्या बाबा आमटे यांना मिळाला.) चमरून १९९९ मध्ये निवर्तले. त्यानंतर विहाराची धुरा चरून यांनी २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत वाहिली.

उपचार मुख्यत्वे दानावर चालतो. रुग्णाला औषधाचे मूल्य मोजावे लागत नाही. येथील भिक्षू धुतांग परंपरेतील, म्हणजे कठोर नियम पाळणारे आहेत. ते वाहनात बसत नाहीत, दूरची वाट पायी चालतात. जो स्वतः इतके नियम पाळतो त्याने दुसऱ्याला एक नियम पाळावयास सांगितले तर त्या सांगण्याला वजन येते. आपल्याकडील व्यसनमुक्तीच्या भाषणांत नेमका हाच भाग लंगडा पडतो. तंबाखूचा विडा गालात धरून दारूवर व्याख्यान देणारे सद्गृहस्थ आपण सर्वांनी पाहिलेले आहेत.

वमनाचा विधी

आता ज्यासाठी हा विहार प्रसिद्ध आहे त्या वमनाकडे वळू. दाखल झाल्यावर पहिले पाच दिवस रोज दुपारनंतर रुग्णांना एका ओळीत गुडघ्यांवर बसवितात. समोर पन्हळ असते. भिक्षू प्रत्येकाला लहान पेल्यातून गडद रंगाचा काढा देतात. त्यात शंभराहून अधिक वनस्पती असल्याचे सांगतात. पाठ हा विहाराबाहेर दिला जात नाही. काढ्यावर लगेच बादलीतील साधे पाणी पोटभर, किंबहुना पोट तुडुंब भरेपर्यंत, प्यावयाचे असते. काही क्षणांतच वेगाने वमन सुरू होते. यावेळी मागे उभे असलेले जुने रुग्ण ढोल वाजवितात, गातात, टाळ्या वाजवून उत्तेजन देतात. याशिवाय वनस्पतींच्या वाफेचे सामुदायिक स्वेदन असते. पहाटे उठून सर्वांनी अंगण झाडावयाचे असते. एकूण वास्तव्य साधारणतः आठ-दहा दिवसांचे, कोणी अधिकही राहतो.

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने पाहता यातील साम्य वरवरचे आहे. आपण वमनापूर्वी दीपन-पाचन करतो, स्नेहपान देतो, आदल्या दिवशी कफाचा उत्क्लेश होईल असा आहार देतो, स्वेदन करतो आणि सकाळी, कफाच्या काळी, मदनफळादी योग देतो. वेग मोजतो, पित्तदर्शन होते की नाही हे पाहतो आणि नंतर पेयादी संसर्जनक्रमाने अग्नी पूर्ववत करतो. एकदा सम्यक् वमन झाले की दुसऱ्या दिवशी पुन्हा वमन देण्याचा प्रश्न येत नाही. थामक्रबोकमध्ये स्नेहन नाही, काळ दुपारनंतरचा, आणि कर्म सलग पाच दिवस. याला आपल्या अर्थाने वमन हे पंचकर्म म्हणता येणार नाही. त्यांची परंपरा निराळी, त्यांचे तर्कशास्त्र निराळे. त्यांना कमी लेखण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्या यशाची पावती आपण आपल्या पंचकर्माच्या खात्यात जमा करू नये, एवढेच म्हणणे आहे. अशा प्रकारची पावती फाडलेली पत्रके अलीकडे पाहावयास मिळतात, म्हणून हा उल्लेख.

काढ्याचे श्रेय ठरविताना आणखी एका गोष्टीचा विचार करणे आवश्यक आहे. हेरॉइन बंद केल्यावर साधारण आठ ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो. नाक-डोळे वाहणे, जांभया, अंगावर काटा, अतिसार, अंगमोडी, निद्रानाश ही लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरास पोहोचतात आणि पाच ते दहा दिवसांत ओसरतात. ही या विकाराची स्वाभाविक गती आहे. विहारातील मुक्काम बरोबर तेवढाच आहे. म्हणजे काढा दिला नसता तरी दहाव्या दिवशी शरीर बरेचसे सावरले असते. शिवाय शोषला गेलेला पदार्थ आमाशयात शिल्लक नसतो, त्यामुळे वमनाने 'साठलेले विष' बाहेर पडते हे शब्दशः घेता येत नाही. मग वमनाने काहीच होत नाही काय? तसेही नाही. वेग येऊन गेल्यावर येणारे लाघव, थकव्याने लागणारी थोडी झोप, आणि मुख्य म्हणजे सर्वांसमोर, सर्वांच्या टाळ्यांच्या गजरात काहीतरी बाहेर टाकल्याची भावना, यांचे मोल मानसिक पातळीवर मोठे असावे. ज्या शरीराने वर्षानुवर्षे आत घेतले त्याच शरीराने बाहेर टाकले, हे रुग्णाला डोळ्यांनी दिसते.

धोक्यांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. अफूवर्गीय पदार्थ बंद केल्याने होणारा त्रास असह्य असला तरी अन्यथा धडधाकट माणसाच्या जिवावर तो क्वचितच बेततो. मद्याचे तसे नाही. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर पहिल्या दोन दिवसांत आक्षेप येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान कंप, भ्रम, ज्वर व प्रलाप यांनी युक्त अशी मारक अवस्था उद्भवू शकते. अशा रुग्णाला बादलीभर साधे पाणी पाजून वमन घडविणे म्हणजे रक्तातील सोडियम-पोटॅशियमचे आधीच डळमळीत झालेले संतुलन पुरते ढासळविणे होय. यकृत निबर झालेल्या मद्यप्याच्या अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असतात. वमनाच्या वेगाने त्यातील एखादी फुटली तर रुग्ण हाती लागत नाही. ऊर्ध्वग रक्तपित्त, उदर, हृद्रोग, कृश व दुर्बल यांना चरकाने सिद्धिस्थानात अवम्य म्हणून सांगितले आहे. जुना मद्यपी बहुधा या यादीत कोठे ना कोठे बसतोच. मदात्ययाच्या चिकित्सेत वमनाला स्थान आहे, परंतु ते दोषपरत्वे. कफज मदात्ययात वमन व उपवास यांचा स्पष्ट निर्देश आहे. याचा अर्थ प्रत्येक दारुड्याला वमन द्यावे असा होत नाही.

शपथ

काढ्याचा पेला हातात येण्यापूर्वी विहारात जे घडते त्याला ते 'सज्जा' म्हणतात. हा पाली 'सच्च', म्हणजेच आपला 'सत्य' हा शब्द. रुग्ण भिक्षूंसमोर बसून स्वतःच्या तोंडाने प्रतिज्ञा करतो की मी अमुक पदार्थ यापुढे घेणार नाही. ही प्रतिज्ञा कोणी त्याच्या वतीने करू शकत नाही. नातेवाइकांनी आणून घातले तरी शब्द त्याचा स्वतःचाच लागतो. तो दिला नाही तर उपचार नाही. भिक्षूंच्या मते हीच खरी चिकित्सा आहे, काढा केवळ तिला साहाय्यभूत आहे. आणि परंपरेने हा उपचार आयुष्यात एकदाच दिला जातो. शपथ मोडणाऱ्याला दुसऱ्यांदा त्याच काढ्यासाठी येता येत नाही.

आपल्या परिभाषेत याचे स्थान शोधणे कठीण नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात औषधाचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले. दैवव्यपाश्रयात मंत्र, मणी, होम यांच्याच पंक्तीत 'नियम' हा शब्द येतो. महाविद्यालयात आपण ही यादी पाठ करतो आणि परीक्षेनंतर तिला पुराणवस्तू समजतो. परंतु नियम म्हणजे दुसऱ्याच्या साक्षीने स्वतःला घातलेले बंधन. व्यसनी माणसाची धृती, म्हणजे अहितापासून मनाला आवरून धरणारी शक्ती, ढळलेली असते. त्याला काय वाईट हे समजत नाही असे नाही, समजूनही थांबता येत नाही. अशा वेळी त्याच्या धृतीला बाहेरून टेकू लागतो. विहारातील भिक्षू, ओळीत बसलेले सोबती, ढोल वाजविणारे जुने रुग्ण हे सर्व मिळून तो टेकू होतात.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. वारकरी संप्रदायात माळ घालणे म्हणजे दुसरे काय असते? गावातील वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातून तुळशीची माळ गळ्यात पडली की मद्य-मांस वर्ज्य, एकादशीचा उपवास आणि पंढरीची वारी ही तीन बंधने आली. कित्येक घरांतील दारू कोणत्याही औषधाविना केवळ माळेने सुटलेली आपण पाहिली आहे. तिचे सामर्थ्य लाकडाच्या मण्यांत नसून ती गावाला दिसते यात आहे. माळकऱ्याला गुत्त्यावर कोणी पाहिले तर ती वार्ता संध्याकाळपर्यंत भजनात पोहोचते. माळ खुंटीला टांगून जत्रेस जाणारेही आहेत, हे खरे. पण टांगून जावी लागते, याचाच अर्थ ती गळ्यात असताना काही काम करीत असते.

थामक्रबोकच्या पद्धतीतील दोन बाबी मात्र वैद्य म्हणून स्वीकारता येत नाहीत.

पहिली, एकाएकी तोडण्याविषयीची. अहितकर परंतु सात्म्य झालेली गोष्ट पादांशिक क्रमाने, थोडी थोडी करून सोडावी, असे चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगतो. एकदम सोडल्यास विकार संभवतात म्हणून हा क्रम. मद्याच्या बाबतीत वर सांगितलेला धोका पाहता या उपदेशाचे महत्त्व आजही जसेच्या तसे आहे. मात्र तो घरी बसून 'रोज एक घोट कमी' असा पाळता येत नाही. मद्यप्याला मद्याचे माप कळत असते तर तो मद्यपी झाला नसता. आधुनिक रुग्णालयात मद्य थांबवून त्या जागी शामक औषध देऊन ते क्रमाक्रमाने उतरवितात. तत्त्व तेच आहे, केवळ साधन वेगळे.

दुसरी बाब एकदाच मिळणाऱ्या उपचाराची. नियमाला वजन यावे म्हणून हे कदाचित योग्य असेल. परंतु पुन्हा घसरणे हे या व्याधीचे लक्षणच आहे. आणि घसरण्याचा क्षण सर्वांत घातक असतो. काही आठवडे शरीर कोरडे राहिले की पूर्वीची सहनशक्ती नाहीशी होते. अशा वेळी जुन्याच मात्रेत हेरॉइन घेतले तर श्वसन थांबून मृत्यू येतो. मद्याच्या संदर्भात चरकाने नेमकी हीच परिस्थिती हेरली होती. मद्य सुटलेला मनुष्य सहसा पुन्हा अतिमद्य पितो तेव्हा त्याला ध्वंसक व विक्षय हे दोन विकार होतात, असे मदात्ययचिकित्सिताच्या अखेरीस सांगून ते दुश्चिकित्स्य ठरविले आहेत. ज्या रुग्णाला या दोहोंचा धोका आहे त्याच्यासाठी दार बंद ठेवणे विहाराला त्यांच्या नियमानुसार शक्य असेल, वैद्याला नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीची रीत येथे अधिक मानवी वाटते. तेथे आयुष्यभराची शपथ मागत नाहीत, फक्त आजचा दिवस न पिण्याचे ठरवावयाचे असते, आणि घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा सभेत येऊन बसू शकतो.

मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेले कृपा फाउंडेशन याच रीतीला योगाभ्यासाची जोड देते. फादर परेरा हे कॅथलिक धर्मगुरू आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. चर्चच्या आवारात आसने शिकविणारा हा धर्मगुरू २००९ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झाला. पुण्याचे मुक्तांगण कोणत्याही धर्मसंप्रदायाचे नाही. डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे ते उभे केले. तेथील निवास ३५ दिवसांचा असतो, म्हणजे शरीर सावरल्यानंतरचेही तीन-चार आठवडे मनासाठी राखलेले असतात, आणि पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा चालतो. दहा दिवसांत काढ्याने जे साधत नाही ते या उरलेल्या दिवसांत साधावयाचे असते.

नकळत दिले जाणारे चूर्ण

एवढ्या पार्श्वभूमीवर आपल्या व्यवसायाकडे पाहू. माझ्या चिकित्सालयात महिन्यातून एक-दोनदा तरी एखादी पत्नी किंवा आई येते. रुग्ण बरोबर नसतो. ती हलक्या आवाजात विचारते, "डॉक्टरसाहेब, भाजीत कालवून द्यायची पुडी मिळेल का? त्यांना कळता कामा नये." तिला ही कल्पना जाहिरातींनी दिलेली आहे. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' ही भिंतीवरची अक्षरे आपण सर्वजण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत.

त्या बाईचे दुःख खरे असते. तिने मार खाल्लेला असतो, दागिने गेलेले असतात. तिला रिकाम्या हाती परत पाठविणे जड जाते, हेही खरे. तरीसुद्धा ही पुडी देणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण एक, जो उपचार रुग्णाच्या शब्दाने सुरू व्हावयाचा तो येथे त्याच्या फसवणुकीने सुरू होतो. कळले की त्याचा घरच्या अन्नावरचाही विश्वास उडतो आणि पुढे खरे औषध देण्याची वाट बंद होते. कारण दोन, पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसते. त्यात मद्याशी विरोध करणारे डायसल्फिरामसारखे आधुनिक रसायन मिसळलेले असेल आणि रुग्णाने त्यावर नेहमीप्रमाणे मद्य घेतले, तर चेहरा लाल होणे, हृद्द्रव, वांती, रक्तदाब घसरणे यांपासून प्राणघातक अवस्थेपर्यंत काहीही होऊ शकते. मानसरोगतज्ज्ञ हे औषध देतात तेव्हा रुग्णाला सर्व समजावून, त्याची संमती घेऊनच देतात. ते औषध स्वतःच एक प्रकारची शपथ आहे. नकळत दिले की तेच विष होते.

विहाराचा पाठही गुप्त आहे, मग पुडी गुप्त असली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. विहारात पाठ गुप्त आहे, उपचार नाही. रुग्णाला आपण काय करीत आहोत व का, हे पूर्ण माहीत असते. शिवाय आपल्यावर कायद्याचे बंधन आहे. औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये नमूद असणे सक्तीचे आहे. घटक न छापलेली पुडी विक्रीस ठेवणाऱ्या दुकानदाराने पाठ गुप्त असल्याची सबब सांगून उपयोग नाही.

त्या बाईस काय द्यावे? मी तिच्याकडून आधी तीन गोष्टी विचारून घेतो. तो रोज पितो की अधूनमधून, सकाळी उठताच हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते काय, आणि पूर्वी कधी दारू बंद झाली असता झटका किंवा भ्रम झाला होता काय. शेवटच्या दोहोंपैकी एकाचे उत्तर होकारार्थी असेल तर दारू घरी थांबवू नये, रुग्णालयातच थांबवावी, हे तिला ठामपणे सांगतो. बाकीच्यांना प्रथम रुग्णास घेऊन येण्यास सांगतो. तो येत नसेल तर ती स्वतः येऊन बोलत राहिली तरी चालते. शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्ती साहाय्याचा निःशुल्क क्रमांक औषधालयाच्या गल्ल्यापाशी लावून ठेवावा, अशी विक्रेत्या बंधूंना विनंती आहे.

आपण स्वतः निवासी केंद्र काढण्याचा विचार काही वैद्यमित्र करीत आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मद्य व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकार हे मानसिक आजारात मोडतात, त्यामुळे असे केंद्र नोंदणीशिवाय चालविता येत नाही. त्याच कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्याला मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीवर ती मिळत नाही. हे माझ्यासह पुष्कळांना रुचणार नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे.

औषधयोजनेविषयी थोडे

शपथ घेतलेल्या किंवा केंद्रातून परतलेल्या रुग्णाला आपण पुढे अग्निमांद्य, यकृत्, निद्रानाश, दौर्बल्य यांसाठी औषध देतो. येथे एक गोष्ट नजरेतून निसटते. अरुची म्हणताच द्राक्षासव, अशक्तपणा म्हणताच अश्वगंधारिष्ट किंवा दशमूलारिष्ट ही आपली सवय आहे. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते. चार चमचे द्रव पाण्यातून घेतला तरी तो गंध, तो घशातील दाह व ती उष्णता रुग्णाची स्मृती चाळविते. काही रुग्ण पुढे बाटलीच तोंडाला लावतात. श्रीखंडासव तर मदात्ययाधिकारातच सांगितलेले आहे, आणि मद्याने मद्यविकार जिंकण्याचा तो विचार शास्त्रशुद्धही आहे. पण तो मद्यपान पुढे मर्यादेत चालू राहील अशा माणसाला धरून आहे, न पिण्याची प्रतिज्ञा केलेल्याला धरून नाही. अशा रुग्णाला त्याच द्रव्यांचा क्वाथ, घनवटी, चूर्ण किंवा घृत द्यावे. डायसल्फिराम चालू असलेल्या रुग्णाला तर आसवारिष्ट देऊच नये. ते औषध बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हे पथ्य पाळावे, कारण तोवर त्याचा प्रभाव टिकू शकतो.

अफूच्या रुग्णांच्या बाबतीत आपल्याच कपाटाकडे लक्ष हवे. अहिफेनाचे वर्णन व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून शार्ङ्गधराने केले आहे, म्हणजे पचन होण्याआधीच सर्व देहात पसरणारे. कामिनीविद्रावण रसासारख्या कल्पांत ते असते. उत्तर भारतातील व्यसनमुक्ती चिकित्सालयांतून या गोळ्यांच्याच आहारी गेलेल्या रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. औषध नियमांच्या परिशिष्ट ई-१ मध्ये अहिफेन, भांग, वत्सनाभ, धत्तूर आदी द्रव्ये आहेत आणि ती असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. तथापि ती सूचना गिऱ्हाईक वाचत नाही, विक्रेत्याने ती वाचावयाची असते. एकच गिऱ्हाईक दर चार दिवसांनी तीच डबी मागू लागले, वा एकदम चार-पाच डब्या मागू लागले, तर चिठ्ठी मागावी. चिठ्ठी नसेल तर डबी देऊ नये आणि त्याच्या वैद्याचे नाव विचारून घ्यावे.